पहिलं सिझर, आता नॉर्मलचा प्रयत्न : वाईहून पुण्याला कधी जाऊन राहावं?

मला 33वा आठवडा चालू आहे. पहिली मुलगी साडेतीन वर्षांची. तेव्हा बाळ पायाळू होतं म्हणून तारीख ठरवून सिझर झालं, कळा आल्याच नाहीत. (उसण भरली की आजेसासूबाई अजून तिलाच पाय लावायला बोलावतात. सिझरचं मूल पायाळू कसं, हे त्यांना कोण विचारणार!)

या वेळी डोकं खाली आहे. इथल्या डॉक्टर म्हणतात, सिझरच करू, कारण रात्री भूलतज्ज्ञ फोन करून बोलवावे लागतात. स्पष्ट सांगितलं, बरं वाटलं. पुण्यातल्या डॉक्टर प्रयत्नाला तयार आहेत, पण आधी जुनं डिस्चार्ज कार्ड मागितलं. पोटावरचा टाका आडवा दिसला तरी गर्भाशयावरचा कसा आहे ते बाहेरून कळत नाही म्हणे. कार्ड ट्रंकेत सापडलं, घडीवर फाटलेलं, पण 'लोअर सेगमेंट' (म्हणजे टाका गर्भाशयाच्या खालच्या भागात, असा असला तर प्रयत्न करता येतो) एवढं वाचता येतंय. त्या म्हणाल्या, चारांतल्या साधारण तिघींचं जमतं. आतला टाका उसवण्याची शक्यता दोनशेत एक, मात्र कळा औषधाने आणल्या तर ती वाढते.

नवरा म्हणतो, कळा सुरू झाल्या की निघू. आणि वाटेत खंबाटकी घाटात ट्रक आडवा असला तर? मावशीकडे जाऊन राहता येईल, पण मुलीची बालवाडी बुडते. तुम्ही किती आधी गेलात?

उत्तर : माझं दुसरं नॉर्मल झालं. मी 37वा लागताच बहिणीकडे गेले. घाटाच्या भरवशावर राहू नकोस गं. हॉस्पिटलला एवढंच विचार, रात्री दोन वाजता सिझर करायची वेळ आली तर किती मिनिटांत होईल? भूलतज्ज्ञ आत असतात का, रक्त मिळतं का? कळा चालू असताना बाळाचे ठोके पट्टा बांधून सतत बघतात. कंटाळा येतो, पण काढा म्हणू नकोस. दोन कळांच्या मधेही टाक्यापाशी दुखत राहिलं किंवा अंगावरून रक्त गेलं तर लगेच सांगायचं. माझ्या जावेचं मात्र चौदा तास कळा देऊन शेवटी सिझर झालं. तीही तयारी ठेव.

धागाकर्ती : थँक्यू ताई. रात्री दोनचा प्रश्न सोमवारी विचारते. मावशीला फोन केला, ती म्हणाली, बालवाडी आमच्या गल्लीतपण आहे.