बाभळीचे काटे आणि परतवाडा-चिखलदरा

प्रश्न: भाऊ, परतवाड्याहून चिखलदऱ्याला सायकलवर सामान लादून जायचंय. टायर २९ बाय २.२ इंच, आत ट्यूब. पांदणीच्या रस्त्यानं काट्यांमुळे सारखी पंक्चर होते. काय करू?

उत्तर: ट्यूबलेस करा, म्हणजे आत ट्यूब नको. दर चाकात १०० ते १२० मिली सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं पातळ द्रव. आपल्या उन्हात ते लवकर वाळतं, म्हणून उन्हाळ्यात दोन महिन्यांनी तपासून ५०-६० मिली घाला. काटा उपसला की भोक खाली येईल असं चाक फिरवा, सीलंट तिथे जमतं. तुमचं वजन ७० किलोच्या आसपास असेल तर हवा पुढे २२, मागे सामानासह २८ पीएसआय.

प्रश्नकर्ता: रिम ट्यूबलेसची नाही.

उत्तर: मग नका करू, टायर रिमवरून निसटू शकतो. व्हॉल्व्हची पिन निघणारी ट्यूब घ्या नि तिच्यातच सीलंट भरा.

दुसरं उत्तर: ठिगळ लावण्याआधी टायर आतून कापसाच्या बोळ्यानं पुसा. कापूस अडकला की तिथे काट्याचं तुटकं टोक आहे, चिमट्यानं काढा. ते राहिलं की नवी ट्यूबही जाते.

आणि पाऊस पडून गेला असेल तर काळ्या मातीत सायकल घालूच नका, डांबरी धरा. चिखलानं चाक जाम झाल्यावर पायडल रेटलं की डिरेलरचा (मागचे गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी पट्टी, मोडतो. तुमच्याच मॉडेलचा एक जादा हँगर सोबत असू द्या, दुसरा बसत नाही.