क्रूझरला फूटबोर्ड की फूटपेग?

गुडघेदुख्या:
माझ्या क्रूझर मोटरसायकलला पुढे काढलेले पेग (पाय टेकवायच्या आखूड दांड्या) आहेत. दोन तास झाले की उजवा गुडघा आखडतो, पाय हलवायला जागाच नाही. त्याऐवजी बोर्ड (अख्खं पाऊल ठेवता येईल अशी सपाट फळी) बसवू का? वळणावर घासतात म्हणे, त्याचीच धास्ती आहे.

जुनी_खोड:
मी चार वर्षं पेग वापरले, आता सहा वर्षं बोर्ड. गुडघ्याला फरक पडतोच. पाय कधी पुढे सरकवायचा, कधी टाच मागे ओढायची. जाड रबरामुळे तळव्याच्या झिणझिण्याही कमी. घासतात हे मात्र खरं. पहिल्यांदा डाव्या वळणावर खर्रकन आवाज आला, मी दचकून गाडी सरळ केली आणि वळणाबाहेर गेलो. बोर्डाला बिजागरी असते हो, टेकला की वर उचलला जातो! तेव्हा वळण तसंच धरायचं, फक्त आणखी झुकवायचं नाही. खालचा न दुमडणारा भाग टेकला तर चाकावरचा भार सुटतो, ते वाईट.

घाटवेडा:
वळणं आवडत असतील तर पेगच. खड्ड्यावर किंचित उठायचं असेल तर पेग मधोमध हवेत, पुढे नकोत. गुडघा मात्र जास्त दुमडलेला राहील.

गुडघेदुख्या:
आणि ब्रेक?

जुनी_खोड:
त्याचीच सवय लागायला वेळ लागला. पेडल बोर्डाच्या वर असतं, पाऊल अख्खं उचलावं लागतं. पेडलची उंची जुळवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. टाचेने गिअर वाढवायचा लिव्हर मी काढूनच टाकला, बूट अडकायचा.