टीचिंग फेलोशिप: युनिव्हर्सिटीची वर्षभराची घ्यावी की सीनियर फेलोसाठी अर्ज करावा?

पहिला_बाक:
नमस्कार मंडळी. युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला स्टॅटिस्टिक्स शिकवते, बरीच वर्षं झाली. आता एचओडी म्हणतायत की शिकवण्यातली लीडरशिप घ्या. समोर दोन पर्याय आहेत. एक, युनिव्हर्सिटीची स्वतःची फेलोशिप, वर्षभराचा प्रोजेक्ट, वेगवेगळ्या डिपार्टमेंटचे फेलो अधूनमधून एकत्र भेटतात. दुसरा, ॲडव्हान्स एचई या उच्चशिक्षणातल्या ब्रिटिश संस्थेची सीनियर फेलोशिप, म्हणजे आजवर केलेल्या कामाचे पुरावे लावून अर्ज. माझ्याकडे आठवड्याला ४ तास आहेत, त्यापेक्षा जास्त नाहीतच, रिसर्च चालू आहे, आणि खिशातून पैसे घालायचे नाहीत. खरी तळमळ ही की एकाच विषयाच्या ५ तुकड्या ५ जण आपापल्या पद्धतीने शिकवतात, पेपर एकच आणि तपासणी मात्र प्रत्येकाची वेगळी. हे बदलायचंय. काय घेऊ?

उंच_शिडी:
सीनियर कशाला, थेट प्रिन्सिपल फेलो करा! मी केलंय, नावापुढे पीएफएचईए ही पाच अक्षरं लागली की मीटिंगमध्ये लोक ऐकतात, अनुभव आहे. सगळी सुट्टी अर्जातच गेली पण वर्थ आहे. रोज रात्री दोन-अडीच तास बसा, होऊन जातं.

समास:
ताईंनी आठवड्याचे ४ तास लिहिलेत हो, रोजचे नाही. आणि प्रिन्सिपल त्यांना लागू होत नाही. ॲडव्हान्स एचईच्या चौकटीत, ती २०२३ मध्ये नव्याने आली, डी१ ते डी४ अशा पायऱ्या आहेत. असोसिएट, फेलो, सीनियर, प्रिन्सिपल. डी४ ला स्ट्रॅटेजिक पातळीवरचं नेतृत्व दाखवावं लागतं. सीनियर म्हणजे डी३, तिथे विचारतात की तुमच्यामुळे दुसऱ्यांच्या शिकवण्यात काय बदललं. स्वतः उत्तम शिकवता एवढ्यावर डी३ मिळत नाही, बरेच अर्ज तिथेच अडकतात. ताई, सहकाऱ्यांवर तुमचा प्रभाव पडल्याचे पुरावे आत्ता हातात आहेत का? नसतील तर दुसरा पर्याय आज नकोच.

उरलेला_खडू:
युनिव्हर्सिटीच्या फेलोशिपच्या नादी लागू नका. आधी जिथे होतो तिथे मी घेतली होती, वर्कलोड कमी करू म्हणाले, पहिलं सेमिस्टर बरं गेलं आणि दुसऱ्यात एक जण रजेवर गेला तर त्याचे सगळे तास माझ्याकडे, प्रोजेक्ट रात्री जागून संपवला, रिपोर्ट दिला, तो कुणी उघडूनही पाहिला नाही. अजून राग जात नाही. तास लेखी घ्या नाहीतर सरळ नाही म्हणा.

चष्मेबद्दूर:
+१ लेखी घ्या. आणि आधी विद्यार्थ्यांचे फीडबॅक फॉर्म गोळा करा, आमच्याकडे माझाच स्कोअर सगळ्यात वर असतो त्यामुळे मला कुठेच अडचण आली नाही.

समास:
फीडबॅक फॉर्मवरून शिकवणं कळतं, लीडरशिप कशी कळेल?

चष्मेबद्दूर:
मुलांना आवडतं तोच लीडर. बाकी सगळी कागदपत्रं.

जुनी_वही:
थोडं अवांतर. कॅनडात शिकवणाऱ्यांसाठीची ३एम फेलोशिप १९८६ मध्ये सुरू झाली, इंग्लंडमध्ये नॅशनल टीचिंग फेलोशिप २००० मध्ये. हे मुळात गौरव आहेत, केलेल्या कामाचे. नवीन माणूस घडवायची फेलोशिप वेगळी, तिथे वेळ आणि सोबत द्यावी लागते. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्येच मांडलं होतं की शिकवणं हेही विद्वत्तेचं काम मानावं, तरी अजून प्रमोशनला रिसर्च पेपरच मोजतात, हे फार खटकतं.

उरलेला_खडू:
बॉयर वगैरे ठीक, आमचे तास कोण परत देणार?

दोन_ओळी_जागा:
ताई, मी अशीच वर्षभराची केली आणि मला फार उपयोग झाला, म्हणून सविस्तर लिहितो. फेलो ही पदवी आहे, अधिकार नाही. पेपर आणि तपासणी बदलायची तर ज्या समितीत ते ठरतं तिथे तुम्हाला बसू द्यायला हवं, हे एचओडींकडून आधीच कबूल करून घ्या. काम छोटं उचला. मागच्या परीक्षेच्या त्याच थोड्या उत्तरपत्रिका, नावं आणि आधीचे मार्क झाकून, पाचही जणांनी वेगवेगळ्या तपासायच्या आणि मग एकत्र बसून मार्क शेजारी शेजारी मांडायचे. फरक दिसला की कुणाला लेक्चर द्यावं लागत नाही, लोक आपणहून बोलायला लागतात. आम्ही तिथूनच गुण द्यायचा एकच तक्ता केला आणि तो आजही वापरात आहे, मी त्या कोर्सवर नसूनही. दुसऱ्या डिपार्टमेंटच्या फेलोंची बैठक अजिबात चुकवू नका, तिथे प्रमोशनची स्पर्धा नसते म्हणून वर्गात काय फसलं ते माणूस मोकळेपणाने सांगतो. आणि जोडीदार एखादा सीनियर प्रोफेसर घ्या, वजन पडतं. बैठकीच्या नोंदी ठेवा, पुढे डी३ ला हेच पुरावे लागतील.

समास:
हे बरोबर. आधी हे, मग सीनियर. फक्त तास लेखी.

गोल_चौकट:
शिकवण्याचं पीजी सर्टिफिकेट का नाही करत? मी केलं, मस्त आहे. असाइनमेंट बऱ्याच असतात पण.

उंच_शिडी:
मी अजूनही प्रिन्सिपलच म्हणेन.

पहिला_बाक:
सगळ्यांचे मनापासून आभार. एचओडींशी बोलले. समितीत बसायला हो म्हणाले, तास मात्र एकाच सेमिस्टरचे लेखी देतायत, पुढचं तेव्हा बघू म्हणे. तुम्ही सगळे नको म्हणाल, तरी मी युनिव्हर्सिटीची घेतेय. प्रोजेक्ट एका सेमिस्टरचाच लिहिलाय, उत्तरपत्रिका आणि तक्ता, बाकी काही नाही. आणि जोडीदार सीनियर प्रोफेसर घेणार नाही. तासिका तत्त्वावर दोन तुकड्या शिकवणारी एक सहकारी आहे, सगळ्यात जास्त पेपर तीच तपासते आणि तिला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. तिचं नाव अर्जात माझ्या बरोबरीने घातलंय.

उरलेला_खडू:
एका सेमिस्टरवर विश्वास ठेवू नका ताई, खरंच सांगतो. आणि तिच्या बैठकीच्या तासांचं मानधन कोण देणार ते पण लेखी घ्या.

पहिला_बाक:
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उद्याच विचारते.

चष्मेबद्दूर:
फीडबॅक फॉर्मचं काय ठरलं मग?