कंपाउंडलगत पिवळी कोरांटी : काळ्या मातीत टिकेल का?

प्रश्न : अंगण_पाथर्डीफाटा

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ रो-हाऊस आहे. कंपाउंडच्या भिंतीलगत आतल्या बाजूला 20 फूट लांब आणि 3 फूट रुंद पट्टी मोकळी आहे. ऊन सकाळपासून चारपर्यंत असतं. तिथे पिवळी, काट्यांची कोरांटी एका ओळीत लावून तीनेक फुटांचं कुंपण करायचंय. वरची दीड फूट माती चिकण काळी आहे, खाली मुरूम लागतो. उन्हाळ्यात बागेला आठवड्यातून एकदाच पाणी मिळेल. नर्सरीतून आणलेली सहा रोपं सध्या पिशवीतच आहेत, रोज पाणी देतोय, तरी दोन रोपांची खालची पानं पिवळी पडून गळताहेत. खड्डे किती खोल घेऊ? अंतर किती ठेवू? आणि आत्ता मे महिन्यात लावली तर चालेल का?

उत्तर : मुरमाड

कोरांटी पाण्यावाचून सहसा मरत नाही. मरते ती ऑगस्टच्या रिपरिपीत, मुळाशी पाणी तुंबून. म्हणून आधी एक तपासा : पट्टीत दीड फूट खड्डा घ्या, पाण्याने भरा, एकदा जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर खड्डे घेऊच नका. चिकण मातीत खड्डा करून त्यात भुसभुशीत मिश्रण भरलं की आजूबाजूचं पाणी त्यातच उतरतं आणि रोपासाठी आयता हौद तयार होतो.

त्यापेक्षा गादीवाफा करा. भिंतीपासून 1 फूट सोडा, नाहीतर ओल भिंतीत जाईल. उरलेल्या 2 फुटांवर 9 इंच उंचीचा वाफा म्हणजे 30 घनफूट भर. त्यात 15 घनफूट तुमचीच काळी माती, 10 घनफूट मुरूम आणि 5 घनफूट चांगलं कुजलेलं शेणखत. मुरूम ब्रासचा (100 घनफुटांचा) जेमतेम दहावा हिस्सा लागतो, गोण्यांनी आणलेला परवडेल. फार बारीक, पिठासारखा मुरूम घेऊ नका, तो काळ्या मातीत मिसळून आणखी घट्ट बसतो. वाफ्याचा उतार भिंतीच्या उलट दिशेला द्या.

दाट कुंपणासाठी दीड फुटावर एक रोप. टोकाला 3 इंच सोडून सुरुवात केली की 20 फुटांत 14 रोपं बसतात. तुमच्याकडे सहा आहेत, बाकीची फांद्यांपासून होतील.

मे महिन्यात लावू नका. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजली की लावा, म्हणजे जूनअखेर किंवा जुलै. तोवर पिशव्या सकाळचं ऊन मिळेल अशा जागी ठेवा. पाणी तीन इंचांपर्यंत बोट घालून कोरडं लागलं तरच द्या.

उत्तर : बांधावरची

पिवळ्या पानांबद्दल. रोज पाणी देताय, तर आधी पिशवीची भोकं बुजलीत का पाहा आणि खोड मातीला टेकतं तिथे नखाने हलकं खरवडा. आतून हिरवं असेल तर पाणी थांबवल्यावर रोप सावरेल. काळपट, मऊ असेल तर कूज लागली, ते रोप बाजूला काढा आणि त्याची माती दुसरीकडे वापरू नका. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर मात्र लोह कमी पडतंय. चुनखडीच्या काळ्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे होतंच. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी आणखी एकदा.

रोपांना काटे आहेत ना, तेही बघून घ्या. नर्सरीत कोरांटी मागितली की पुष्कळदा जांभळी मिळते. तीही छान, पण तिला पिवळीसारखे पानांच्या बेचक्यातून निघणारे लांब, टणक काटे नसतात. कुंपण म्हणून तिचा धाक नाही.

नवी रोपं : जुलैत, पेन्सिलीहून थोडी बारीक, ना कोवळी ना जून अशी 5-6 इंचांची फांदी घ्या. खालचे काटे-पानं काढा, दोन पेरं मातीत जातील इतकी खोचा. माध्यम निम्मी वाळू, निम्मी माती, खत अजिबात नको. सावलीत तीन-चार आठवड्यांत मुळं धरते. बी धरायचं असेल तर बोंडं तपकिरी व्हायच्या आत त्यांवर पातळ कापड बांधा, वाळली की तडकून बी लांब उडतं. बी ओलं झालं की बुळबुळीत होऊन बोटाला चिकटतं, तेव्हा कोरडंच पेरा, वर अर्धा इंचाहून कमी माती. पांडवलेणीच्या डोंगरावरून झाडं उपटून आणायच्या फंदात पडू नका. मूळ खोल असतं, ते तुटतं आणि झाड जगत नाही.

उत्तर : गच्चीबाग_म्हसरूळ

शेणखत असलं तरी महिन्यातून एकदा 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) द्या, वाढ झपाट्याने होते. आणि ठिबक लावून रोज दहा मिनिटं चालू ठेवा, काम सोपं.

उत्तर : मुरमाड

दोन्हींना माझा विरोध आहे. जास्त नत्राने पाला लुसलुशीत येतो, फांद्या आडव्या पडतात, फुलं कमी लागतात आणि पिठ्या ढेकूण हमखास येतो. लागवडीचं खत पहिल्या वर्षाला भरपूर झालं. पुढे दर जूनमध्ये झाडामागे दोन मुठी कंपोस्ट पुरे.

रोजच्या दहा मिनिटांनी वरचे दोन इंचच भिजतात, मुळं तिथेच घुटमळतात आणि एक आठवडा पाणी चुकलं की झाड माना टाकतं. ठिबक लावायचंच तर ताशी 4 लिटरचा एक ड्रिपर, खोडापासून वीतभर दूर. पहिल्या वर्षी पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत आठवड्यातून अर्धा तास, मार्च ते मे आठवड्यातून एक तास. म्हणजे तुमच्या पाण्याच्या वेळापत्रकात बसतं. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी तासभर पुरे. मेमध्ये अर्धी पानं गळतील, घाबरून पाणी वाढवू नका. वाळक्या पाल्याचं आच्छादन घाला, पण खोडाभोवती तीन इंच मोकळे ठेवा.

प्रश्नकर्ता : अंगण_पाथर्डीफाटा

सगळ्यांचे आभार. खोड खरवडलं, दोन्ही आतून हिरवी आहेत. छाटणी कधी करायची? गल्लीतली कोरांटीची कुंपणं खालून अगदी उघडी दिसतात. शिवाय घरात लहान मूल आहे.

उत्तर : बांधावरची

उघडी दिसतात कारण लोक फक्त वरून कातरतात. लावल्यावर रोप रुजून नवी पालवी आली की 8 इंचांवर शेंडा तोडा, फुटवे बुडापासून येतील. ते वीतभर झाले की पुन्हा शेंडे खुडा. ऑगस्टच्या मध्यानंतर कात्री लावू नका, फुलं नव्या फुटीवर येतात, तीच कापाल तर हिवाळ्यात नुसता पाला बघत बसाल. दुसऱ्या वर्षापासून जूनच्या सुरुवातीला झाड दीड फुटावर आणा आणि त्याच वेळी सर्वांत जुन्या फांद्यांपैकी एकतृतीयांश बुडातून काढा. चामडी हातमोजे घाला, कापडी मोज्यांतून काटा सरळ आत जातो.

मुलाच्या दृष्टीने, ओळ वाफ्याच्या मधोमध न घेता भिंतीकडच्या बाजूला सरकवा आणि पुढे विटांची एक ओळ उभी करा. छाटलेले काटे अंगणात पडू देऊ नका, वाळल्यावर ते जास्त टोचतात. पिठ्या ढेकूण दिसला तर ती फांदी कापा, बाकीवर पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण. पानांवर काटेरी काळपट अळ्या दिसल्या तर फवारू नका, त्या बहुधा पॅन्सी फुलपाखरांच्या असतात. पानं खातात, पण झाड पुन्हा फुटतं.