मल्च खोडाला भिडू देऊ नये

वसंतातील पाहणीनंतर असोसिएशनकडून (वसाहतीतील घरमालकांच्या संस्थेकडून) घराबाहेरच्या दुरुस्तीबद्दल येणारी पत्रे म्हणजे निव्वळ जाच आहे, असे काहींचे मत आहे; त्याच्याशी मी सहमत नाही. आमच्या न्यू जर्सीत हिवाळाभर फटींतले पाणी गोठते आणि वितळते, त्यामुळे फुटपाथला तडे जातात, आणि ते एप्रिल-मेमध्ये बुजवले नाहीत तर पुढच्या थंडीत आणखी रुंदावतात. माझा आक्षेप आहे तो कामाच्या पद्धतीवर. आमच्या वसाहतीत कंत्राटदार दरवर्षी मेपलच्या झाडांच्या बुंध्याभोवती मल्चचा, म्हणजे मातीवर पसरायच्या लाकडाच्या तुकड्यांचा, उंच ढीग रचत असे. गेल्या वर्षी मी तो हाताने बाजूला सारला, तेव्हा आतली साल काळी पडली होती आणि बोट लावताच सुटून येत होती. मल्चचा थर २ ते ३ इंचांचाच असावा आणि खोडाला टेकू नये, ही अट कंत्राटातच घालावी, अशी विनंती मी सभेत केली आणि ती मान्य झाली. पुढच्या शनिवारी आठ-दहा शेजारी फावडी घेऊन बाहेर आले. हिवाळाभर केवळ गाडीतून हात हलवणाऱ्या समोरच्या आजोबांनी त्या दिवशी प्रत्येक झाडाभोवती वीतभर मोकळी जागा स्वतः मोजून घेतली.