मदत हवी आहे: डंडीमधली १८५८ सालची दफनभूमी शोधायची आहे

नमस्कार मंडळी,

विषय जरा आडवळणाचा आहे. पण इथे स्कॉटलंडात राहणारे चार-सहा जण आहेत आणि वंशावळी खणत रात्री जागवणारेही आहेत, म्हणून विचारायचं धाडस करतेय.

मी डंडीत राहते. नवरा इथलाच. सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे (समोर त्यांना नावानेच हाक मारते, इथली रीतच तशी, पण मराठीत लिहिताना हात धजावत नाही). गेल्या वर्षी त्यांनी एक पुठ्ठ्याचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "माझी खापरपणजी कुठे पुरलीय ते मला बघायचंय. मुलांना वेळ नाही. तू चिवट आहेस." हे कौतुक होतं असं मी धरून चालले आहे.

त्या खापरपणजीचं नाव जाहीर टाकत नाही, 'ज.' म्हणू. ज. गिरणीत कामाला होती. डंडी म्हणजे बंगालचा ताग जिथे येऊन पडायचा ते गाव. तो ताग व्हेल माशाच्या तेलात मऊ करायचे आणि कामाला बहुतांशी बायका असायच्या. बायको गिरणीत, नवरा घरी चहाचं आधण ठेवतोय, म्हणून बेकार नवऱ्यांना 'केटल बॉयलर' म्हणायचे. आमच्या लालबाग-परळच्या मंडळींना हे वाचून गंमत वाटेल.

तर ज. १८५८मध्ये क्षयाने गेली, वय तेहेतीस. मागे सहा वर्षांची मुलगी, म्हणजे सासूबाईंची पणजी.

आतापर्यंत काय केलं ते सांगते, म्हणजे तेच तेच सल्ले यायला नकोत. सरकारच्या 'स्कॉटलंड्स पीपल' या साइटवरून मृत्यूच्या नोंदीची प्रत काढली. ६ क्रेडिट, म्हणजे दीड पौंड. सूचीत शोधणं फुकट आहे, प्रत उघडली की मीटर पडतो. पहिल्या दोन वेळा भलत्याच बाईची नोंद उघडली आणि तीन पौंड पाण्यात गेले. तिसऱ्यांदा बरोबर निघाली. त्यात दफनाच्या जागेचा रकाना आहे आणि तिथे शाईत लिहिलंय 'न्यू बरिइंग ग्राउंड, डंडी'. शेजारी अंत्यविधी करणाऱ्याचं नाव आहे, पण ते अक्षर मला वाचता येत नाही.

'न्यू' म्हटल्यावर मला वाटलं, पर्थ रोडवरची वेस्टर्न सिमेट्री. ती १८४५ची, म्हणजे तेव्हा नवीच. सासूबाईंना गाडीत घालून नेलं. मार्च महिना, आडवा पाऊस. त्या छत्री धरून एकेका दगडासमोर उभ्या, मी गुडघ्यावर बसून शेवाळाखालची अक्षरं वाचतेय. तीन तासांत आडनावाचे दोन दगड सापडले, दोन्ही सुखवस्तू घरांचे. परतताना सासूबाई म्हणाल्या, "गिरणीतल्या बाईला दगड कोण घालणार होतं?" हे मला सकाळीच सुचायला हवं होतं.

मग हाऊफ. गावाच्या मध्यावरची जुनी दफनभूमी. १५६४मध्ये मेरी राणीने जुन्या मठाची जागा गावाला दफनासाठी दिली. पुढे नऊ धंद्यांच्या पंचायती तिथे बैठकी घ्यायच्या, त्यावरून हाऊफ, म्हणजे भेटायचा अड्डा, हे नाव पडलं. दगड बघण्यासारखे आहेत. शिंप्याच्या थडग्यावर कात्री, विणकराच्या थडग्यावर धोटा. पण तिथली दफनं १८५७मध्ये थांबली. ज. गेली त्याच्या पुढच्या वर्षी.

तर प्रश्न असे:

ही 'न्यू बरिइंग ग्राउंड' नक्की कुठली?

दगड नसेल तर नोंदवहीवरून जागा कळते का? 'लेअर' नावाचा शब्द सारखा भेटतो, तो काय प्रकार आहे?

ज.ची आई १८४९च्या कॉलराच्या साथीत गेली असं डब्यातल्या एका चिठ्ठीत आहे. तिचं काही मिळेल का?

आमच्या माहेरची सात पिढ्यांची नावं त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या चोपडीत आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की पान उघडतं. तेच इथे दीड पौंड टाकून भलतीच बाई निघते. असो.

— तागवाली


प्रतिसाद, एडिनबराचा_पाऊस:

तागवाली, तुमचं नशीब जोरावर आहे. स्कॉटलंडात जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ला सुरू झाली आणि दफनाच्या जागेचा रकाना १८६०पर्यंतच होता. १८६१पासून तो काढून टाकला. ज. तीन वर्षं अजून जगली असती तर तुम्हाला ही ओळ मिळालीच नसती. (वाक्य विचित्र झालं, माफ करा.)

'न्यू' हा शब्द हाऊफच्या तुलनेत वाचा. हाऊफ ठासून भरल्यावर १८३०च्या दशकात जवळच कॉन्स्टिट्यूशन रोडला दुसरी दफनभूमी काढली. लोक तिला न्यू हाऊफच म्हणायचे. पूर्वेची ईस्टर्न नेक्रोपोलिस १८६३ची, म्हणजे ती बाद. वेस्टर्न पूर्ण बाद करू नका, पण ती खाजगी कंपनीची असल्याने गिरणी कामगाराला महाग पडली असती. माझा पैसा कॉन्स्टिट्यूशन रोडवर.

खात्री करायची तर नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या नकाशांच्या साइटवर जा. ऑर्डनन्स सर्व्हेने १८४७ ते १८९५ दरम्यान ६२ स्कॉटिश शहरांचे मोठ्या प्रमाणावरचे नकाशे काढले. डंडीचा १८७०च्या सुमाराचा, १:५०० प्रमाणाचा आहे. त्यात अंगणातले हौद आणि दिव्याचे खांबसुद्धा दिसतात. तो आजच्या नकाशावर चढवून पट्टी सरकवता येते. दफनभूमी नुसती नावानेच नाही, पायवाटांच्या आखणीवरूनही ओळखू येते.

लेअर म्हणजे कबरीची विकत घेतलेली जागा. मालकाच्या नावाने नोंद आणि नंबर. एका लेअरमध्ये एकावर एक अशी तीन-चार माणसं असू शकतात. ज्यांना परवडत नव्हतं ते 'कॉमन ग्राउंड'मध्ये, आणि तिथे दगड लावायचा हक्कच नसायचा. तुमच्या सासूबाईंचा अंदाज बरोबर असणार.


प्रतिसाद, भोचक:

वाचतेय. एक शंका: इथे बायका लग्नानंतर कुठल्या नावाने सापडतात?


प्रतिसाद, एडिनबराचा_पाऊस:

चांगला प्रश्न. स्कॉटलंडात कागदोपत्री बाईचं माहेरचं आडनाव मरेपर्यंत सुटत नाही. मृत्यूची सूची दोन्ही आडनावांनी तपासा. दगडावरही बरेचदा 'अमुकची पत्नी' असं लिहून पुढे माहेरचंच आडनाव असतं. इंग्लंडमधली सवय घेऊन आलेले लोक इथेच फसतात. तागवालींचे तीन पौंड बहुधा याच खड्ड्यात गेले.

आईबद्दल: १८५५च्या आधीची चर्चची दफन-नोंद फार विस्कळीत आहे. पुष्कळ पॅरिशांनी, म्हणजे गावोगावच्या चर्चांनी, मृत्यू लिहिलेच नाहीत, पैसे लिहिले. शवपेटीवर टाकायचं मखमली कापड, मॉर्टक्लॉथ, चर्च भाड्याने द्यायचं आणि त्या भाड्याची ओळ किर्द-खतावणीत असते. तारीख, नाव, रक्कम. बाकी काहीच नाही, पण माणूस कधी गेला त्याचा तो पुरावा. या चर्च-सभांच्या वह्या स्कॉटलंड्स पीपलवर फुकट चाळता येतात. सूची नाही, पान-पान उलटायचं. साथीच्या दिवसांत मात्र कापडाचा सोपस्कार कितपत पाळला असेल कोण जाणे, म्हणून फार आशा ठेवू नका.

हाऊफच्या दफनांची सूची डंडी शहर अभिलेखागाराच्या मित्रमंडळाने नेटवर ठेवली आहे. आई १८४९ची असेल तर आधी तिथे बघा. आणि न्यू हाऊफच्या वहीबद्दल अभिलेखागाराला सरळ ईमेल टाका. नाव, दोन्ही आडनावं, तारीख, एवढंच. घराण्याची कहाणी नको.


प्रतिसाद, गिरणगावकर:

दफनभूमी नकाशावर सापडली तरी आज ती जागेवर असेल का? आमच्याकडे गिरण्यांचे मॉल झाले.


प्रतिसाद, एडिनबराचा_पाऊस:

इथेही तेच. एडिनबरात जॉन नॉक्स, ज्याने अख्ख्या देशाचा धर्म बदलला, त्याची जागा सेंट जाइल्स चर्चच्या मागे गाड्या लावायच्या चौकात २३ नंबरच्या खाली मानतात. वॉटरलू प्लेस हा रस्ता जुन्या कॅल्टन दफनभूमीच्या मधून काढला आणि तिथले अवशेष नव्या कॅल्टनला हलवले. एडिनबराच्या लीथ या बंदरभागात २००९च्या सुमारास ट्रामसाठी खणलं तर रस्त्याखालून सुमारे ४०० माणसांचे सांगाडे निघाले, १४व्या ते १७व्या शतकातले. त्या रस्त्याचं नाव, योगायोग बघा, कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीट.

डंडीचं मी मुद्दाम लिहीत नाही. तागवालींनी आधी नकाशा उघडावा.


प्रतिसाद, तागवाली:

उघडला. तीन दिवसांनी लिहितेय कारण मध्ये बरंच झालं.

सासूबाईंना शेजारी बसवून लॅपटॉपवर जुना नकाशा लावला. कॉन्स्टिट्यूशन रोड, बेल स्ट्रीट, मध्ये रिकामा तुकडा, आखीव वाटा, आणि दफनभूमी असं स्पष्ट छापलेलं. मग पट्टी हळूहळू सरकवली. वाटा फिकट होत गेल्या आणि खालून वर आलं बेल स्ट्रीटचं बहुमजली कार पार्क.

सासूबाईंनी भिंग खाली ठेवलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी तिथे वीस वर्षं गाडी लावली. दर शनिवारी. पैसे वाढवले म्हणून मशीनला शिव्या घातल्यात."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. गाडी लावायला नाही, चालत. तळमजल्यावर डिझेलचा वास, छतातून ठिबकणारं पाणी, पिवळे पट्टे. कुठे उभं राहायचं तेच कळेना. शेवटी त्या बाहेर फुटपाथवर, भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. पर्समधून पेपरमिंटच्या गोळ्या काढल्या, एक मला दिली, एक स्वतः खाल्ली. फूल वगैरे आणलं नव्हतं. मी विचारलं, "आणूया का?" तर म्हणाल्या, "आधी खात्री कर. दुसऱ्याच्या आजीला फुलं घालायची नाहीत मला."

अभिलेखागाराला ईमेल गेली आहे, दोन्ही आडनावांसकट, कहाणी गाळून. हाऊफच्या सूचीत १८४९चं त्या आडनावाचं एक नाव सापडलंय. वय जुळतं, पण आडनाव इथे पैशाला पासरी, त्यामुळे अजून हुरळले नाहीये.

आता राहिला अंत्यविधी करणाऱ्याच्या नावाचा रकाना. तेच नाव त्याच पानावरच्या दुसऱ्या नोंदीतही आहे आणि तिथे जागा थोडी वेगळी लिहिली आहे. दोन्ही नीट वाचता आले तर 'न्यू बरिइंग ग्राउंड' म्हणजे तो कारकून कुठली जागा म्हणत होता ते पक्कं होईल. पहिलं अक्षर 'के' किंवा 'आर', मधे दोन उंच दांड्या, शेवटी शेपूट. १८५०च्या दशकातलं स्कॉटिश कारकुनी अक्षर वाचायची सवय कुणाला आहे का? त्या शब्दांपुरतं कात्रण व्यनितून (खाजगी निरोपातून) पाठवते.