शिवन्या: पोरीचं नाव की पोराचं?

महालची सून:
जाणकारांनी जरा मदत करा, घरात नावावरून वाद पेटलाय. नणंदेला मुलगी झाली, रविवारी बारसं आहे आणि तिला नाव ठेवायचंय शिवन्या. कॉलेजात असताना ती नागिन सिरीयल अगदी जीव लावून पाहायची, २०१५ मध्ये कलर्सवर सुरू झाली होती ती, मौनी रॉय शिवन्या होती त्यात. आम्हा सगळ्यांना नाव आवडलं, पण आजेसासूबाई हिंगण्याकडच्या, त्यांनी ऐकल्याबरोबर सांगितलं, "शिवन्या? हे तं पोट्ट्याचं नाव होय. आमच्या वावरात होता ना एक शिवन्या, बैल चारे." तेव्हापासून नणंद रडून राहिली आणि आजी ऐकून नाही राहिल्या. संस्कृतात असा शब्द आहे का? नेटवर एका ठिकाणी 'शिवाचा अंश' दिलंय, दुसरीकडे 'शिवभक्त'.

काटोलकर:
ताई, आजीचं शंभर टक्के बरोबर आहे. आपल्याकडे नावाला 'या' लागला की तो पोट्टाच. किसन्या, अर्जुन्या, गण्या, पांड्या. शिवन म्हणून हाक मारायची अन् राग आला की शिवन्या. उद्या शाळेत मास्तरनं हजेरी घेतली तर गावाकडचं प्रत्येक पोर मागं वळून पाहील की हा कोण. सिरीयल लिहिणाऱ्यांना मराठी कान नाही, त्याचं आपण काय करायचं?

धंतोली ०७१२:
मग कन्या, विद्या, संध्या हे पण पोट्टे का भाऊ? 'या'नं संपते म्हणून पुरुष हा नियम कुठून आणला? मुळात आता शिवन्या नावाच्या इतक्या मुली आहेत की आमच्या सोसायटीतच दोन सापडतील. लोकांनी मुलींना ठेवलं म्हणजे ते मुलीचं नाव झालं, विषय संपला.

व्याकरणवेडा:
विषय संपला नाही, कारण दोघंही अर्धंच सांगून राहिले. फरक आघाताचा आहे. 'कन्या' म्हणताना क वर जोर येतो, ऐकायला कन्-न्या असं येते. 'किसन्या' म्हणताना स वर जोर येतच नाही, 'तुझ्या'त तु वर येत नाही तसंच. म्हणूनच मराठी वृत्तात जोडाक्षराआधीचं अक्षर आघात असेल तर गुरू, नसेल तर लघू धरतात. आजींनी ते नाव शिव-न्या असं ऐकलं आणि त्यांना बैल चारणारा आठवला. मालिकेत ते शिवन्-न्या असं होतं, अनन्या सारखं. लिहिताना सारखंच दिसतं, हीच पंचाईत आहे.
आता अर्थ. शिव अधिक अन्या असं धरलं तर संधी होऊन शिवान्या होईल, शिवन्या नाही, आणि अर्थ होईल 'शिवाहून वेगळी', म्हणजे भक्तीच्या उलटच. 'अनन्या'त अन् आहे, जिला दुसरं कोणी नाही ती, गीतेत नवव्या अध्यायात 'अनन्याश्चिन्तयन्तो मां' येतं ते हेच. त्या चालीवर कोणीतरी शिवन्या बनवलं एवढंच. 'शिवाचा अंश' हा अर्थ त्या शब्दातून निघत नाही. शिवानी घ्या, शिवांगी घ्या, व्युत्पत्ती स्वच्छ आहे.

धंतोली ०७१२:
शिवांगी तर त्याच सिरीयलच्या दुसऱ्या सीझनमध्ये आहे, शिवन्याचीच मुलगी :)
आणि व्युत्पत्ती स्वच्छ नसलेलं नाव ठेवायचंच नाही असं म्हटलं तर आपले बंडू, बेबी, पिंकी, चिंगी सगळे रद्द करा. आईनं ज्या पात्रावर प्रेम केलं तेच त्या नावाचा अर्थ आहे, माझ्या मते यापेक्षा मोठा अर्थ नसतो.

उमरेड रोड:
शिवण नावाचं झाड असते की, गंभारी म्हणतात त्याला, लाकूड हलकं अन् टिकाऊ. माझे आजोबा सांगत की शिवनी, शिवणगाव ही गावं त्या झाडावरून. मग शिवन्या म्हणजे शिवणाच्या रानातली असं का नको? मला तरी हे फार आवडते. आणि तिसऱ्या सीझनमधली नागीण बेला, आमच्या उमरेड तालुक्यात बेला नावाचं अख्खं गाव आहे, मी बहिणीला म्हटलं होतं पोरीचं नाव बेला ठेव, तर म्हणे गावाचं नाव कोण ठेवते.

काटोलकर:
शिवण मध्ये ण आहे हो काका. न आणि ण एक करू नका, त्याच्यानंच मराठी चालली.

उमरेड रोड:
आमच्याकडे सगळे पानीच म्हणतात, तरी तहान भागते. बोलीला चूक म्हणणं मला पटत नाही.

दीक्षाभूमी रोड:
न-ण वर भांडण्यापेक्षा एक विचारतो, इतकी चर्चा झाली पण मूळ पात्र नाग कुळातलं आहे हे कोणाला खटकत नाही, उलट मला ते अभिमानाचं वाटतं. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी धर्मांतरासाठी नागपूर का निवडलं ते सांगताना नाग लोकांचाच उल्लेख केला, या भागात ते राहत, त्यांनी बुद्धाचा धम्म देशभर नेला. आपली नदी नाग, शहर नागपूर. टीव्हीवर नाग म्हटलं की फक्त सूड, मणी आणि रूप पालटणं, तेवढ्यावर थांबू नये. नाग कुळातलंच नाव हवं असेल तर कुबेरनागा आहे, आपल्या रामटेकजवळच्या नंदिवर्धनहून राज्य करणाऱ्या वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेची आई. ताम्रपटात तिला नागकुलातली म्हटलंय.

धंतोली ०७१२:
माहिती खरंच सुंदर आहे दादा, पण पाळण्यातल्या बाळाला कुबेरनागा म्हणून हाक कशी मारायची?

व्याकरणवेडा:
नागा म्हणायचं. नागोराव, नागोबा चालतात ना आपल्याला. बाकी हवं ते रूप घेणाऱ्या नागिणीला 'इच्छाधारी' म्हणतात, तो शब्दही हिंदीतून आला, आपल्याकडे कामरूपिणी आहे, रामायण-महाभारतात कामरूपी राक्षस भरपूर. मराठीत तोच वापरावा.

महालची सून:
सगळ्यांचे आभार, पण रविवारी काय करू? जन्माच्या दाखल्यावर नाव वर्षभरात टाकता येतं म्हणे, ते ठीक आहे, पण पाळण्यात तर घ्यावंच लागेल.

काटोलकर:
शिवानी.

उमरेड रोड:
शिवन्याच ठेवा ताई, आणि आजींना झाड दाखवा. अन् व्याकरणवेडा, कामरूपिणी म्हटलं तर नागद्वारच्या यात्रेत एक माणूस समजणार नाही, आम्ही दरवर्षी नागपंचमीच्या आधी पचमढीला जातो, डोंगर चढताना बाया इच्छाधारीच म्हणतात.

व्याकरणवेडा:
त्या बाया वीस वर्षांपूर्वी काय म्हणत होत्या ते विचारून सांगा. मी खरंच विचारून राहिलो, नोंद करून ठेवायची आहे.